मनासारखी सीट हवी? आधी विमान बघा, मग सीट

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-बाबा, मे महिन्याच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन कोचीला जाणारं डोंबिवलीचं कुटुंब, आणि सकाळच्या पहिल्या विमानाने दिल्ली गाठून रात्री घरी परतणारा नोकरदार. तिघांनाही चांगली सीट हवी असते, पण तिघांची चांगली सीट वेगळी असते. तरीही तिकीट काढताना बहुतेक जण एकच काहीतरी करतात. एकतर सीटचं पान आलं की ते ओलांडून पुढे जातात, नाहीतर कुटुंबाची ताटातूट होईल या भीतीने समोर दिसेल त्या सीटचे पैसे भरून टाकतात.

इकॉनॉमीत मनासारखी सीट मिळवायला दोन गोष्टी कळाव्या लागतात. आपल्या फ्लाइटला कुठलं विमान लागतं आणि त्या विमानातल्या सीटा कुठल्या वेळी मोकळ्या होतात. एवढं कळलं की पैसे भरायचे का, किती आणि कधी, हा निर्णय सोपा होतो. अनेकदा पैसे भरावेही लागत नाहीत. सगळं क्रमाने सांगतो.

सुरुवात गरजेपासून

सीट शोधण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या प्रवासात मला सर्वात जास्त त्रास कशाचा होईल?

पाय लांब असतील, गुडघे समोरच्या सीटला टेकत असतील, तर लेगरूम महत्त्वाचं. मधुमेह, प्रोस्टेट किंवा वयामुळे वारंवार उठावं लागत असेल, तर आइल सीट, म्हणजे वाटेच्या कडेची. रात्रीच्या विमानात झोपायचं असेल तर विंडो, कारण डोकं टेकायला भिंत मिळते आणि कुणाला जागा द्यायला उठावं लागत नाही. हवेत विमान हललं की पोटात गोळा येणाऱ्यांनी पंखांच्या आसपासची ओळ घ्यावी. तो भाग विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे तिथे धक्के सर्वात कमी जाणवतात, तर शेपटीकडे सर्वात जास्त. आवाज नको असेल तर पुढे बसा. जेट विमानात इंजिनांच्या मागच्या भागात घरघर वाढत जाते. उतरल्याबरोबर पळायचं असेल, पुढचं विमान गाठायचं असेल, तर दाराजवळची सीट. पण दार कुठलं, तेही बघावं लागतं. त्याबद्दल पुढे.

यातल्या दोन गोष्टी ठरवा, एक पहिली आणि एक दुसरी. सगळ्या मागितल्या तर एकही धड मिळत नाही.

तिकीट काढण्याआधी विमान ओळखा

हीच पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सर्वात जास्त फायदा हिचाच आहे. तिकिटाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. गूगल फ्लाइट्सवर त्या फ्लाइटवर टिचकी मारली की विमानाचं मॉडेल आणि दोन ओळींमधलं अंतर इंचांमध्ये दिसतं. हे अंतर म्हणजे एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतची लांबी. आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांत ते साधारण २८ ते ३१ इंच असतं. एखाद-दोन इंचांचा फरक आकड्यात छोटा वाटतो, पण उंच माणसाच्या गुडघ्यांना तो दोन तास जाणवतो. भाडं आणि वेळ सारखी असेल तर जास्त इंचांची फ्लाइट घ्या. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

मुंबईहून देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा एअरबस ए३२० किंवा ए३२१ (इंडिगो, एअर इंडिया) नाहीतर बोइंग ७३७ (आकासा, एअर इंडिया एक्सप्रेस, स्पाइसजेट) मिळतं. दोन्हींत मधे एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा असतात. ए आणि एफ विंडो, सी आणि डी आइल, बी आणि ई मधल्या. लहान शहरांकडे जाणाऱ्या एटीआर आणि एम्ब्रेअर विमानांत दोन-दोन सीटा असतात, काही एम्ब्रेअरमध्ये तर एका बाजूला एकच, म्हणजे मधली सीटच नसते. तिथे जोडप्याने सीटसाठी जास्तीचे पैसे भरण्याआधी दोनदा विचार करावा.

लांबच्या विमानांचं गणित वेगळं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये इकॉनॉमीत सहसा ३-३-३ मांडणी असते, ए३८० च्या खालच्या मजल्यावर ३-४-३, बोइंग ७७७ मध्ये बऱ्याच कंपन्या ३-४-३ ठेवतात, आणि ए३३० मध्ये २-४-२. दोघांनाच जायचं असेल तर ए३३० ची खिडकीकडची जोडसीट फार सुखाची. तिसरा माणूसच नसतो.

आपल्या फ्लाइटला गेल्या आठवड्यात कुठलं विमान लागलं होतं ते फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाकून बघता येतं. रोज एकच प्रकार येत असेल तर निवडलेली सीट टिकण्याची शक्यता जास्त. कधी ए३२० तर कधी ए३२१ येत असेल, तर आयत्या वेळी सीट बदलू शकते हे मनात धरून ठेवा.

विमानाचा प्रकार न बघता नुसता नंबर लक्षात ठेवण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या भीषण अपघातातून एकमेव प्रवासी वाचला, तो ११ए वर होता. त्यानंतर ठिकठिकाणी लोक ११ए मागू लागले. त्या दुःखद प्रसंगामागची भावना समजण्यासारखी आहे. पण ते बोइंग ७८७ होतं आणि त्यात ती सीट संकटकालीन दाराजवळ होती. दुसऱ्या विमानात ११ए पूर्णपणे वेगळ्या जागी येते. ७३७ मध्ये तर डाव्या बाजूला, पंखाच्या थोडं पुढे, वातानुकूलनाच्या नळ्या भिंतीतून वर जातात. त्या एका ओळीत खिडकीच नसते. काही कंपन्यांच्या विमानांत ती ओळ नेमकी अकरावी असते. विंडोचे पैसे भरून कोऱ्या भिंतीकडे बघत बसायची वेळ येते ती इथे.

सीट मॅप बारकाईने वाचा

विमान कळलं की त्याचा नकाशा उघडा. विमान कंपनीच्या पानावरचा नकाशा फक्त चौकोन दाखवतो. एरोलोपासारख्या साइटवर खिडक्या, दारं, टॉयलेट आणि गॅली (क्रूचं स्वयंपाकघर) मापात काढलेली असतात. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा.

खिडकी आधी. सीटच्या ओळी आणि खिडक्यांमधलं अंतर एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळे काही ओळींत खिडकी खांद्याच्या मागे जाते आणि बाहेर बघायला मान वळवावी लागते. मुलाला ढग दाखवायचे असतील तर हे आधी बघायला हवं. दुसरं, पंख. ए३२० आणि ७३७ मध्ये साधारण नवव्या-दहाव्या ओळीपासून अठराव्या-एकोणिसाव्यापर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो. देखावा हवा असेल तर त्याच्या बऱ्यापैकी पुढे किंवा मागे बसा. एटीआरला पंख वर असतो, म्हणून जवळजवळ कुठूनही जमीन दिसते. सह्याद्रीवरून पावसाळ्यात जाताना हे विमान फार सुंदर. फक्त पंख्याच्या पात्यांच्या रेषेतल्या ओळी टाळा, तिथे आवाज जोरात येतो.

बाजू कुठली घ्यायची, तेही ठरवता येतं. मुंबईत मुख्य धावपट्टीवर विमानं बहुतेक दिवस पूर्वेकडून उतरतात आणि पश्चिमेकडे, समुद्रावर उडतात. उतरताना उजवीकडे, म्हणजे एफ बाजूला, पवई तलाव आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर येतात. डावीकडे ठाण्याची खाडी, ट्रॉम्बेची टेकडी आणि चेंबूर. उडताना उजवीकडे जुहूची चौपाटी आणि वर्सोवा, डावीकडे वांद्र्याच्या बाजूचा किनारा. वारा फिरला की दिशा बदलते, पण बरेचदा हेच चित्र असतं. परगावच्या नातेवाइकाला पहिल्यांदा मुंबई दाखवायची असेल तर संध्याकाळच्या विमानाची ए किंवा एफ सीट घेऊन द्या. दिवे लागायच्या वेळी उतरताना खाली पसरलेलं शहर त्याला वर्षानुवर्षं आठवेल.

उन्हाचाही विचार करा. मुंबईहून दिल्लीला जाताना पूर्व उजवीकडे असते, म्हणून सकाळी एफ बाजूला ऊन आणि दुपारनंतर ए बाजूला. दिल्लीहून गुवाहाटी किंवा बागडोगराला जात असाल तर ए बाजू सोडू नका. हवा स्वच्छ असेल तर डावीकडे हिमालय दिसतो.

आता पहिली ओळ आणि इमर्जन्सी एक्झिटची ओळ. या दोन्हींसाठी लोक सर्वात जास्त पैसे मोजतात, म्हणून त्यांच्या मर्यादा नीट कळायला हव्यात.

पहिल्या ओळीत समोर भिंत असते. कुणाची सीट अंगावर येत नाही, उतरायलाही सगळ्यांच्या आधी मिळतं. पण ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि सीट जरा अरुंद वाटते. अंगाने भरलेल्या माणसाला हे टोचतं. समोर सीट नसल्यामुळे पायाशी पर्स ठेवता येत नाही, उड्डाण आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात टाकावं लागतं. बीपीच्या गोळ्या आणि चश्मा आधीच खिशात काढून ठेवा.

एक्झिटच्या ओळीत पाय पसरायला भरपूर जागा असते, पण ती सगळ्यांना मिळत नाही. गरज पडल्यास दार उघडायला क्रूला मदत करू शकेल असा धडधाकट प्रवासी तिथे लागतो. लहान मुलं, बाळासोबतचे पालक, गर्भवती, व्हीलचेअर घेणारे आणि सीटबेल्टला जोडपट्टा लागणारे प्रवासी यांना तिथे बसवत नाहीत. पैसे भरलेले असले तरी क्रू उठवतो, आणि ते बरोबरच आहे. ए३२० मध्ये पंखावर एकामागोमाग दोन एक्झिट ओळी असतात. ज्या विमानांत पाठ मागे झुकते तिथेही पहिल्या एक्झिट ओळीची आणि तिच्या पुढच्या ओळीची पाठ सहसा अडवलेली असते, कारण मागे वाट मोकळी राहायला हवी. म्हणून दोन्हींचे पैसे सारखे असतील तर दुसरी ओळ घ्या.

शेवटची ओळ स्वस्त असते त्याला कारण आहे. पाठ मागे जात नाही, टॉयलेटची रांग खांद्याशी उभी राहते. तरी एका प्रसंगी मला ती आवडते. लोकलने रोज जाणाऱ्याला दादरचा पूल कुठल्या डब्यासमोर येतो ते पाठ असतं, तसंच इथे दाराचं. विमान एरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलला जोडणाऱ्या पुलाला, न लागता दूर उभं राहिलं, शिडी आणि बसने उतरवलं, तर मागचं दारही उघडतं आणि शेवटच्या ओळी लगेच बाहेर पडतात. एटीआरमध्ये तर प्रवाशांचं दार मागेच असतं, पुढे सामान असतं. तिथे पहिल्या ओळीसाठी जास्त पैसे देणारा सर्वात शेवटी उतरतो.

पैसे भरायचे की थांबायचं

सीट ठरली. आता हिशेब. देशांतर्गत फ्लाइटला साधी सीट काहीशे रुपयांपासून सुरू होते आणि पुढच्या ओळी किंवा जास्त लेगरूमसाठी हजार-दीड हजार किंवा अधिकही लागतात. ही रक्कम प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक टप्प्याची असते. एका सीटचे ४०० रुपये धरले, तरी चौघांचे जाऊन-येऊन ३,२०० होतात. मधे विमान बदलायचं असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणून सीट निवडण्याआधी वरच्या भाड्याचा फरक बघा. एअर इंडियाची व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स अशी भाडी असतात, इतर कंपन्यांचीही आपापली नावं आहेत. वरच्या भाड्यात सीट, जास्त सामान आणि तारीख बदलण्याची सवलत यांतलं काहीतरी धरलेलं असतं. कधी कधी वरचं भाडं दोनशे रुपयांनी जास्त आणि नुसती सीट चारशेची, असं दिसतं. हिशेब कागदावर मांडून बघितल्याशिवाय हे लक्षात येत नाही. तिकीट रद्द केलं तर सीटचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, हेही त्यात धरा.

माझा स्वतःचा नियम असा. रात्रीचा लांबचा प्रवास, उंच माणूस, ज्येष्ठ नागरिक किंवा पुढचं विमान गाठायची घाई, यांपैकी काही असेल तर मी पैसे भरतो, आणि तिकीट काढतानाच भरतो. दीड-दोन तासांच्या फ्लाइटला एकट्याने जायचं असेल तर वेब चेक-इनपर्यंत, म्हणजे नेटवरून बोर्डिंग पास काढण्याच्या वेळेपर्यंत थांबतो. दिवाळी, गणपती, नाताळ आणि मे महिना अपवाद. तेव्हा विमान भरलेलंच असतं आणि थांबलात तर मधली सीट पदरात पडते.

सीटचं शुल्क ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवा. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या नियमांत पसंतीची सीट ही प्रवाशाने हवी तर घ्यायची वेगळी सेवा म्हणून धरलेली आहे. तुम्ही निवडली नाही म्हणून तुमचं तिकीट अपुरं होत नाही, कंपनीला तुम्हाला कुठेतरी बसवावंच लागतं. काही पोर्टलवर सीट आपोआप टिक झालेली असते. पैसे भरण्याच्या पानावर रकमेची फोड उघडून बघा आणि नको असेल तर काढून टाका.

तिकीट पोर्टलवरून काढलं असलं तरी सीट शक्यतो विमान कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर पीएनआर टाकून निवडा. सीट बदलली किंवा पैसे अडकले तर मधला दलाल नसलेला बरा. परदेशी प्रवासात एक जास्तीची गोष्ट तपासावी लागते. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, असं कोडशेअर असेल तर विमान उडवणाऱ्या कंपनीचा वेगळा पीएनआर असतो. तो मागून घ्या आणि सीट त्यांच्याच साइटवर निवडा. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं, ते नाव शोधा.

मुलं, बाळ आणि आई-बाबा

मुलांपासून वेगळं बसवतील या भीतीने पैसे भरणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी बसवायलाच हवं आणि त्याची नोंद ठेवायला हवी. म्हणून डोंबिवलीच्या त्या कुटुंबाने चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढावं. स्वस्तात मिळतंय म्हणून दोन-दोनची वेगळी तिकिटं काढली, तर हा आधार हातचा जातो. मात्र नियम एका पालकापुरता आहे. चौघं एकाच ओळीत बसतील किंवा मुलाला खिडकी मिळेल, असं त्यात नाही. मुलाला खिडकी हवीच असेल तर त्या एका सीटचे पैसे भरा. पीएनआर एक असल्यामुळे एका पालकाला शेजारी बसवणं कंपनीचं काम आहे. वेब चेक-इनमध्ये तरीही मूल वेगळं पडलं, तर वेळेत काउंटरवर जाऊन शांतपणे या नियमाचं नाव घ्या.

मांडीवर बाळ असेल तर तीन सीटांच्या एका गटावर सहसा चारच ऑक्सिजन मास्क असतात, त्यामुळे एका गटात दोन बाळं चालत नाहीत. दोन बहिणी आपापली तान्ही घेऊन निघाल्या असतील तर त्यांनी वाटेच्या अलीकडे-पलीकडे, सी आणि डी घ्यावी. लांबच्या विमानात भिंतीला लावायचा पाळणा मिळतो. पाळणे मोजकेच असतात आणि त्यांना वजनाची मर्यादा असते. तिकीट निघाल्याबरोबर कंपनीला फोन करून नोंद करा, नुसती पहिल्या ओळीची सीट घेऊन पाळणा आपोआप मिळत नाही.

आई-बाबांच्या लांबच्या प्रवासासाठी मी नेहमी हेच सुचवतो: शेजारी-शेजारी विंडो आणि मधली घेऊ नका. मग अनोळखी माणूस आइलला झोपतो आणि आई संकोचून पाच-सहा तास उठत नाही. पाय सुजतात, पाणी प्यायचं टाळलं जातं. त्यापेक्षा वाटेच्या दोन्ही बाजूंच्या आइल घ्या. दोघं एकमेकांना दिसतात, हात पोचतो आणि कुणालाही न उठवता उठता येतं. शेजारीच बसायचं असेल तर ३-३-३ च्या मधल्या गटातली आइल आणि तिच्या बाजूची मधली सीट घ्या. तिथे मधे बसलेल्याला बाहेर पडायला दोन्हीकडून वाट असते. टॉयलेट चार-पाच ओळींवर असावं, अगदी लागून नको.

व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. ज्यांना चालताना खरोखर त्रास होतो त्यांच्यासाठी ही सोय विनामूल्य आहे. आइल सीटचा बाहेरचा दांडा अडकलेला दिसतो, पण बऱ्याच विमानांत दांड्याच्या खाली, मागच्या बिजागरीपाशी, बोटाला लागेल असं छोटं बटण किंवा खाच असते. ती दाबली की दांडा वर होतो आणि गुडघेदुखीच्या माणसाला सरळ बाजूने बसता-उठता येतं. क्रूला सांगा, ते करून देतात.

वेब चेक-इन उघडतं ती वेळ

पैसे न भरलेल्यांसाठी ही खरी वेळ. देशांतर्गत फ्लाइटला बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ४८ तास आधी वेब चेक-इन उघडतात. परदेशी कंपन्यांत ही मुदत २४ ते ४८ तासांच्या दरम्यान असते. आपल्या कंपनीची वेळ बघून मोबाइलवर अलार्म लावा. सकाळी ६ वाजताचं विमान असेल तर दोन दिवस आधी सकाळी ६ ला उठावं लागेल, पण विनामूल्य सीटांतल्या बऱ्या सीटा याच पहिल्या तासात जातात.

नकाशात राखाडी किंवा फुलीच्या सीटा दिसल्या म्हणजे त्या विकल्याच गेल्या असं नाही. काही सीटा कंपनीने नेहमीच्या ग्राहकांसाठी, व्हीलचेअर प्रवाशांसाठी किंवा क्रूसाठी अडवून ठेवलेल्या असतात. सुटण्याची वेळ जवळ आली की त्यांतल्या काही मोकळ्या करतात. म्हणून एकदा चेक-इन झालं की विषय संपत नाही. बरीच ॲप नंतरही सीट बदलू देतात. आदल्या रात्री एकदा आणि विमानतळाकडे निघताना एकदा नकाशा उघडून बघा.

दोघंच असाल आणि गर्दीचा हंगाम नसेल तर मागच्या भागात ए आणि सी घ्या, बी सोडा. मधली सीट शेवटपर्यंत कुणी घेत नाही, आणि विमान भरलं नाही तर तिघांची जागा दोघांना मिळते. तिथे कुणी आलंच तर त्याला खिडकी किंवा आइल देऊ करा. तो आनंदाने घेतो आणि तुम्ही दोघं शेजारी येता.

काउंटरवर आणि गेटवर

वेब चेक-इनमध्ये नुसत्या पैशांच्या सीटा उरल्या असतील तर घाबरून भरू नका. काउंटरवर जा. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट केलं, की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपन्यांनी जास्तीचे पैसे घेऊ नयेत. देशांतर्गत काउंटर साधारण एक तास आधी बंद होतात, म्हणून दोन तास आधी पोचलेलं बरं. निघण्याआधी तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटतात, आणि अंधेरीला पोचल्यावर उलवे आठवून उपयोग नाही. बीओएम असेल तर टर्मिनल १ की २ तेही बघून घ्या, दोन्हीकडे आता मेट्रो ३ ची स्टेशनं आहेत.

काउंटरवर काय बोलता ते महत्त्वाचं. 'चांगली सीट द्या ना' म्हटलं तर समोरच्याला काही करता येत नाही. नेमकं मागा: 'पंखाच्या पुढे आइल असेल तर बघता का? नसेल तर मागची कुठलीही आइल चालेल.' पहिली पसंती आणि दुसरी पसंती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तसं सांगा आणि कागद जवळ ठेवा. मागे रांग असताना वाद घालू नका, तिथला माणूसही सकाळी तीनपासून उभा असतो.

काउंटर बंद झाल्यावर न आलेल्या प्रवाशांच्या सीटा मोकळ्या होतात. त्यामुळे गेटवर, बोर्डिंग सुरू होण्याच्या थोडं आधी, शेवटचा प्रयत्न करता येतो. तिथल्या स्क्रीनवर त्या क्षणाची खरी स्थिती दिसत असते.

विमानात शिरल्यावर

रिकामी सीट दिसली की लगेच उडी मारू नका. 'बोर्डिंग कम्प्लीट' ऐकू आलं, दार बंद झालं, की क्रूला विचारा आणि मग हला. एटीआरसारख्या छोट्या विमानात वजनाचा तोल बघावा लागतो, तिथे न विचारता जागा बदलायचीच नाही. एक्झिटच्या आणि पुढच्या पैशांच्या ओळी रिकाम्या असल्या तरी बहुतेक कंपन्या तिथे फुकट बसू देत नाहीत.

सहप्रवाशाशी अदलाबदल करायची असेल तर आपली सीट त्याच्या सीटइतकी किंवा त्याहून चांगली असली तरच विचारा. विंडोवाल्याला मधली देऊ करणं योग्य नाही. त्याने त्या सीटचे पैसे भरलेले असू शकतात. आणि तो आपल्या जागी येण्याआधीच तिथे बसून राहून त्याला भिडेत पाडू नये. एकदा विचारावं, नाही म्हटलं तर हसून आपल्या जागी बसावं.

निवडलेली सीट बदलली गेली तर

विमान बदललं की नंबर बदलतात. म्हणून सीट घेतल्याबरोबर पावती आणि सीट दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि आधीच्या आठवड्यात पीएनआर अधूनमधून उघडून बघा. बदल दिसला तर लगेच ॲपवर किंवा फोनवर तितकीच चांगली सीट मागा. जितक्या लवकर मागाल तितक्या जास्त सीटा शिल्लक असतात. विमानतळावर कळलं तर नव्या बोर्डिंग पासचा फोटो घ्या आणि काउंटरवरच परताव्याबद्दल विचारा. एक्झिट ओळीचे पैसे भरून मधली सीट मिळाली असेल तर ती सेवा तुम्हाला मिळालेली नाही, हे साध्या शब्दांत सांगा.

प्रवास झाल्यावर कंपनीला लेखी तक्रार करा. त्यात पीएनआर, तारीख, भरलेली रक्कम, निवडलेली सीट, मिळालेली सीट आणि दोन्ही फोटो असावेत, बाकी मजकूर चार ओळींच्या वर नको. उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर तीच कागदपत्रं सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर चढवा. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती विमान कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या, अधिकाऱ्याकडे जाते. परतीच्या प्रवासाचीही सीट त्याच पीएनआरवर घेतलेली असेल तर तीही त्याच दिवशी तपासा. जाताना विमान बदललेलं असलं की येतानाही बरेचदा तोच बदल झालेला असतो.